गुरुजींची सर्दी

"हा वाचतोय की जात्यावर दळतोय?" ओमिने सासूच्या कानाशी पुटपुटली. "माझ्या गुडघ्यांचं पार पीठ झालं."

ओराकूनं उत्तर दिलं नाही. सुनेच्या कुरकुरीला एरवी तिच्यापाशी उत्तर तयार असे. नसलंच तर डोळे वटारणं तरी असे. आज तिनं मानही वळवली नाही. हात मांडीवर, पापण्या मिटलेल्या, आणि ओठ हलत होते. फार नाही. सुईत ओवायचा दोरा ओठांनी ओला करावा, तेवढेच.

समोर गोल लाकडी पिंपात शुनगाकू गुरुजी बसले होते. म्हणजे मेल्यावर रीतीप्रमाणे बसवले होते. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीवर. उन्हाळ्याच्या दुपारी प्रवचन सांगता सांगता त्यांना डुलकी लागायची, तेव्हाही ते हुबेहूब असेच दिसायचे. त्यामुळे मठात जमलेल्यांपैकी कुणालाच अजून नीटसं रडू आलं नव्हतं. पिंपासमोर नवा भिक्षू एत्सुदो ताठ पाठीनं वाचत होता. किल्ल्याच्या गावाहून पाठवलेला, मानेशी पांढरीशुभ्र पट्टी, आवाज स्वच्छ. माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडी ठोकळ्यावर त्याचा टोला पडत होता, टोक, टोक, टोक, एकसारखा. म्हाताऱ्या गुरुजींचा टोला मध्येच विसरून जायचा आणि मग धावत येऊन गाठायचा, तसं इथं काही नव्हतं.

वाट दाखवायचं सूत्र चाललं होतं. सातव्या दिवसाची, एकोणपन्नासाव्या दिवसाची सूत्रं वेगळी; ती चुकली तर पुन्हा वाचता येतात. हे मात्र गेलेल्या जिवाला पलीकडच्या वाटेला लावायचं सूत्र, माणूस मातीआड करण्याआधी एकदाच वाचायचं.

शेवटची घंटा झाली. तिचा नाद विरत असताना ओराकूच्या ओठांवर दोनच शब्द उरले होते. तेही तिनं सवयीनं संपवले. आमेन, जेझुसू.

आणि मग तिचे डोळे उघडले.

तिनं आधी पिंपाकडे पाहिलं, मग समोरच्या पुरुषांच्या रांगेकडे. तोकुझोचे ओठ नुकतेच मिटत होते. त्याच्यामागे लंगडा कुमाजी, त्याच्यामागे कोळ्यांची दोन घरं. बायकांच्या रांगेत दाईचं तोंड, तिच्या बहिणीचं तोंड. इवासे वाडीची सगळी तोंडं एकदम मिटली, पंगत आटोपल्यासारखी.

इवासे वाडीत माणूस मेलं की मठातल्या भिक्षूला बोलावावंच लागे. सरकारचा हुकूमच तसा होता. भिक्षूनं सूत्र वाचलं तरच माणूस नीट मेला. नाहीतर तो किरिश्तान, बंदी घातलेल्या जेझुसूचा माणूस, आणि त्याचं घर, त्याचा शेजार, त्याची वाडी सगळी दोरखंडात. म्हणून भिक्षू येई, पुढच्या खोलीत बसे, वाची. आणि त्याच वेळी मागच्या खोलीत, गवताच्या पेंढ्यांआड बसून घरची माणसं दातांआड आपली प्रार्थना म्हणत. सूत्र पुसायची प्रार्थना. त्यानं एक ओळ लिहावी, यांनी ती पुसावी. नियम एकच होता, पणजीच्या पणजीपासून चालत आलेला: सुरुवात त्याची झाली तरी चालेल, शेवट आपला हवा. शेवटचा शब्द ज्याचा, माणूस त्याचा.

त्या शब्दांचा अर्थ आता कुणालाच ठाऊक नव्हता. ते समुद्रापलीकडून आले होते. ज्यांनी आणले ते पाद्री मारले गेले, त्यालाही किती पिढ्या उलटल्या. पण चिमणीनं पिलाच्या चोचीत दाणा घालावा तसे एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेले शब्द टिकले होते. दर नव्या वर्षी, आपण किरिश्तान नाही हे दाखवायला, पाटलाच्या अंगणात मारियासामाचं, जेझुसूच्या आईचं, चित्र कोरलेल्या तांब्याच्या पाटीवर पाय ठेवावा लागे. ठेवत. घरी येऊन पाय धूत, ते पाणी डोळे मिटून पिऊन टाकत, आणि पुन्हा तेच शब्द म्हणत.

भिक्षूची घंटा झाली की ओठ हलायचे. ओराकूला हे कुणी शिकवलेलं आठवत नव्हतं. आईच्या पाठीवर बांधलेली असतानाच शिकली असणार. आज घंटा झाली, आणि ओठ हलले. मेलेलं माणूस कोण आहे, हे ओठांनी पाहिलंच नाही.

दारात नवा भिक्षू सगळ्यांना वाकून निरोप देत होता.

"इवासेचे का तुम्ही?" त्यानं तोकुझोला विचारलं. "लवकरच येईन तिकडे. घरंबिरं आतून पाहून घ्यायची आहेत. गुरुजी सगळं पुढच्याच खोलीतून करायचे, असं ऐकलं."

"या ना," तोकुझो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र 'नका येऊ' असं म्हणत होता.

टेकडी उतरताना सगळे टोफूबद्दल बोलले. मठातल्या जेवणातला टोफू घट्ट होता की सैल, यावर इवासे वाडीचं इतकं एकमत न होणं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मग कुमाजी म्हणाला, "गुरुजींना पातळच आवडायचा. बारमाही सर्दी. घट्ट गिळायचाच नाही."

"बाई गं, ती सर्दी!" दाई हसली. "वाडीच्या तोंडाशी, पर्सिमनच्या झाडापाशी आले की खोकला सुरू. आमचं कुत्रंसुद्धा दारातून उठून बाजूला व्हायचं."

"आणि निघताना पुन्हा. खाकरायचं, चहा मागायचा, चपला शोधायच्या. पायांतच असायच्या चपला."

सगळे हसले, आणि सगळ्यांचं हसू एकाच जागी थांबलं. नाक्यावर सरकारी पाटी उभी होती. किरिश्तान दाखवून देणाऱ्याला काय बक्षीस मिळेल ते तिच्यावर लिहिलं होतं. तिच्याखालून जाताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पलीकडच्या खाडीतली माणसं गेल्या हिवाळ्यात याच नाक्यावरून नेली होती. एका दोरीत. पोरांना दोरी कमरेत पोचत नव्हती, म्हणून गळ्यात बांधलेली.

घरी आल्यावर ओराकू रताळी घेऊन बसली. उकडायची, चकत्या करायच्या, चटईवर वाळत घालायच्या. ऊन होतं तोवर काम उरकायला हवं होतं. तिची सुरी दोनदा बोटाशी येऊन थांबली.

"आई, बोट कापाल," ओमिने म्हणाली. "आणा इकडे."

"मी पुसलं त्यांना."

"कुणाला?"

"गुरुजींना."

ओमिने चटईवरच्या चकत्या उगाच सारख्या करत राहिली.

"तू नाही म्हटलंस?" ओराकूनं विचारलं.

"मी गुडघ्यांबद्दल बोलत होते. तुम्हीच ऐकलंत."

"ते सुरुवातीला. नंतर?"

ओमिनेनं एक चकती उलटी केली. मग तीच पुन्हा सुलटी केली.

तेवढ्यात तोकुझो आला. वाडीतल्या बाळांच्या कपाळावर गुपचूप पाणी घालून त्यांना दुसरं नाव देणारा तोच, त्याच्या आधी त्याचा बाप. तो म्हणाला, कोयता हवाय. त्याच्या कमरेला कोयता होता.

"बस, भाऊ," ओराकू म्हणाली. "तुझे ओठ हलत होते मघाशी."

"दाढ दुखतेय."

"कुठली?"

तोकुझोनं उजव्या गालावर हात ठेवला, मग डाव्या. मग खाली बसला.

"बरं, समज," तो म्हणाला. "नुसतं समज, की कुणाचे ओठ हलले. मग काय झालं? त्यांचं सूत्र म्हणजे वारा. वारा पुसला काय, न पुसला काय."

"वारा होता, तर मग आपण आजवर काय पुसत आलो? माझ्या नवऱ्याच्या वेळी, तुझ्या बापाच्या वेळी, गवतात तोंड खुपसून काय पुसलं?"

तोकुझोनं गालावरचा हात काढला. ओमिनेही चकत्या सोडून बघायला लागली.

"पुसतो ते खरं, तर लिहिलेलंही खरं," ओराकू म्हणाली. "अर्धंच खरं धरता येत नाही, भाऊ. माझं काही डळमळलेलं नाही. मी मरेन तेव्हा हाच नवा येऊन वाचेल, आणि तुम्ही मागं बसून त्याचा शब्द न् शब्द पुसा. पुसला नाहीत तर परत येऊन झिंज्या धरीन. माझा शेवटचा शब्द ठरलेला आहे. पण गुरुजींना तो कधी दिला का आपण? त्यांची वाट गुंडाळून टाकली आणि आपली दाखवली नाही. चपला घालून उभे असतील ते दारात. इकडचे नाहीत, तिकडचे नाहीत."

"मेलेल्याच्या कपाळावर पाणी घालता येत नाही," तोकुझो हळू आवाजात म्हणाला. त्यानंही त्याचा विचार केला होता, हे त्याच्या आवाजावरून कळलं. "तसा अधिकार नाही मला."

"माहितीये. म्हणून म्हणते, त्यांचं त्यांना परत मिळू दे. पुन्हा वाचायला सांगू. माती संध्याकाळी द्यायची आहे. अजून ऊन आहे."

"कुणाला सांगणार? त्या ताठ पाठीवाल्याला? तो विचारेल, आजी, पुन्हा कशाला? पहिल्याला काय झालं? मग काय सांगशील?"

"सांगेन, ऐकू आलं नाही. कान गेलेत."

"इवासेतून कुणी सूत्र नीट ऐकू आलं नाही म्हणून परत टेकडी चढून गेलंय कधी? शहाणा माणूस एवढ्यावरच ओळखेल." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "ओराकू, तू एकटी बांधली जाणार नाहीस. दोरी लांब असते. तुझा नातू चालायला लागलाय नुकता."

घराच्या आत नातू झोपला होता. तिघांनीही तिकडे पाहिलं. फळीवर पांढऱ्या चिनी मातीची, कडेवर मूल घेतलेली बाई होती. बाहेरच्यांसाठी ती कान्नोन देवी, घरच्यांसाठी मारियासामा.

"दारात उभं राहणं काय असतं, ते तिला विचार," ओराकू म्हणाली. "दिवस भरले होते, तरी तिला कुणी खोली दिली नव्हती."

तिनं सुरी पुन्हा हातात घेतली. शेवटी तोकुझो उठला.

"जा," तो म्हणाला. "रताळी घेऊन जा, मठात द्यायला म्हणून. बघ जमलं तर. पण वचन दे. त्या पाटीवरच्या शब्दापाशी यायचं नाही. कुठल्याही जित्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही."

"जित्या माणसासमोर नाही उघडणार."

"मारियासामाची शपथ?"

"शपथेला कशाला ओढतोस तिला? सांगितलं ना."

जाताना तो कोयता मागायचं विसरला.

टेकडी तीच होती, पण दुसऱ्यांदा चढताना तिला जास्त पायऱ्या फुटल्या होत्या. गाठोड्यात आधी वाळवलेल्या चकत्या होत्या, कडक, चपलेच्या तळासारख्या. ओराकू मध्येच थांबली, कमरेवर हात ठेवून मागे पाहिलं. खाली इवासेची घरं, दगडांचे बांध, त्यांच्यामध्ये चिंध्यांसारखी शेतं, आणि मग समुद्र. याच वाटेनं गुरुजी उतरायचे. उतरताना कधी खोकला ऐकू यायचा नाही. तो पर्सिमनच्या झाडापाशीच सुरू व्हायचा.

हे तिला आजच सुचलं होतं असं नाही. पण विचार जवळ आला की ती दुसरं काही हातात घ्यायची, झाडू किंवा तांब्या.

तिची लेक ओनात्सू गेली तेव्हा घरात सगळेच तापानं पडलेले होते. मागच्या खोलीत ओराकू एकटी. पुढे गुरुजी वाचत होते, तेव्हा ते म्हातारेही नव्हते, नुसते गुरुजी होते. आणि तिला प्रार्थना येईना. पहिल्या ओळीनंतर रडं यायचं, दुसरी ओळ बुडून जायची. पुन्हा पहिली. पुन्हा रडं. पुढच्या खोलीत सूत्र संपत आलं. आता घंटा होणार, गुरुजी उठणार, आणि तिची पोर त्यांच्या शब्दांवर तशीच निघून जाणार, आईची बोटं सोडून. घंटा झाली नाही. गुरुजी खाकरले. "ओळ सुटली वाटतं," ते मोठ्यानं म्हणाले, घरात ऐकायला कुणी नसताना, आणि पहिल्यापासून सुरू झाले. ते संपल्यावर पुन्हा खाकरले. पुन्हा एक ओळ सुटली. मागून शेवटचा शब्द होईपर्यंत त्यांच्या ओळी सुटत राहिल्या. मग घंटा, मग चहा, मग चपलांची शोधाशोध. भिक्षूला आतापासूनच विसर पडायला लागला, असं पुढे वाडीत म्हणायचे. ओराकूही म्हणायची, आणि सर्दीवर उपाय म्हणून त्यांच्या चहात आलं किसून घालायची. बोलायची मात्र नाही. आभार मानायचे तर कशाचे, ते सांगावं लागलं असतं.

मठाच्या आवारात कुणी नव्हतं. मागच्या बाजूला कुदळीचा आवाज येत होता. मठातला म्हातारा नोकर खड्डा खणत होता. ओराकूनं पायऱ्यांपाशी चपला काढल्या, आणि तिला ऐकू आलं.

टोक, टोक, टोक.

नवा भिक्षू वाचत होता. ती दाराआडून वाकली. आत कुणी नव्हतं, फक्त पिंप, त्याला टेकवून ठेवलेलं झाकण, आणि तो. आणि जे वाचत होता ते सातव्या दिवसाचं नव्हतं, कुठलंच दुसरं नव्हतं. जन्मभर जे पुसलं ते ओळखायला वेळ लागत नाही. वाटेचंच सूत्र होतं, पहिल्या ओळीपासून.

ती तिथंच उंबऱ्याशी बसली. त्याच क्षणी तिला जाणवलं की आपले ओठ हलायला लागलेत.

ओराकूनं झटकन गाठोडं सोडलं, रताळ्याची एक कडक चकती काढली आणि दातांत धरली. ओठ थांबेनात. तिनं आणखी एक आत घातली, वर बाही दाबली. जीभ आतल्या आत धडपडत होती, बांधलेल्या वासरासारखी. डोळ्यांतून पाणी आलं, ते रताळ्यानं की कशानं, तिलाच कळलं नाही. मारियासामा, ती मनात म्हणाली, आजच्या दिवस राहू दे. आजच्या दिवस शेवटचा शब्द त्यांचा असू दे. तू समजून घे, माझ्या तोंडाला समजत नाही.

घंटा झाली. नाद फिरत फिरत छताशी गेला, खांबांमध्ये रेंगाळला आणि संपला. त्याच्यानंतर काहीच आलं नाही. कुदळसुद्धा थांबली होती.

एत्सुदो वळला. फुगलेल्या गालांची, डोळे भरलेली एक म्हातारी उंबऱ्यात बसलेली त्याला दिसली.

"आजी, तुम्ही परत आलात," तो म्हणाला. त्याला नवल वाटलं नव्हतं. वाट पाहत असल्यासारखा म्हणाला.

ओराकूनं गाठोडं पुढे केलं. तोंड रिकामं नव्हतं, ते एका परीनं बरंच होतं.

"ठेवा तिथं." तो तिच्यापासून थोड्या अंतरावर बसला. जवळून पाहिल्यावर तो फारच तरुण दिसला. मानेशी पट्टी टोचत असावी. तिथं लाल वळ होता. "गुरुजींनी जाण्याआधी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, माझ्यासाठी वाटेचं सूत्र दोनदा वाच. पहिल्यांदा सगळ्यांसमोर. दुसऱ्यांदा इवासेची माणसं टेकडी उतरून गेल्यावर. मी विचारलं, असं कुठं असतं? तर म्हणाले, ती माणसं येतील, मनापासून येतील, आणि त्यांची एक सवय आहे. रागवू नकोस, त्यांना थांबवूही नकोस. ती गेली की मला पुन्हा वाटेला लाव."

ओराकू चावत होती. चकती संपता संपत नव्हती.

"दुसरी गोष्ट तर मला अजूनही उमगलेली नाही. म्हणाले, इवासेला गेलास की तुला सर्दी होईल, होऊ दे. मी म्हटलं, गुरुजी, मला जन्मात सर्दी झालेली नाही." त्यानं पिंपाकडे पाहिलं. "हसले. म्हणाले, मलाही कुठं होती?"

ओराकूचं चावणं थांबलं.

आलं, ती मनात म्हणाली. इतकी वर्षं आलं प्यायला लावलं मी यांना. बिचाऱ्यांना तिखट सोसत नव्हतं. डोळ्यांत पाणी यायचं आणि प्यायचे.

"कसली सवय, आजी?" एत्सुदोनं विचारलं. आवाजात धार नव्हती, पण प्रश्न सरळ होता, त्याच्या टोल्यांसारखा. "मला उद्यापासून त्याच घरांत जायचंय. वर पाठवायचे कागदही आता माझ्याच हातचे. मला कळायला हवं ना?"

दार उघडं होतं. काम झालं होतं. जे मागायला ती आली होती ते न मागताच मिळालं होतं. आता उठायचं, कान गेलेत म्हणायचं, टेकडी उतरायची. खाली नातू उठला असेल. तोकुझो पर्सिमनच्या झाडापाशी उभा असेल, दाढेवर हात ठेवून.

ओराकू उठली. तोंडातलं रताळं तिनं बाहीत काढून घेतलं, बाही नीट दुमडली. पण ती दाराकडे गेली नाही. पिंपापाशी गेली आणि काठाला धरून वाकली. गुरुजींच्या टाळूवर पांढरे खुंट उगवले होते. हनुवटी छातीवर तशीच. डुलकी लागलेल्या माणसाला चहा आणलाय म्हणून उठवावं, इतकी ती जवळ गेली.

"आजी," एत्सुदो म्हणाला, आणि थांबला. त्यानं तिचा चेहरा पाहिला असावा. पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवर आला, तिथंच थबकला, आणि परत गेला.

मग तो खोकला.

फारच वाईट खोकला. ज्याला कधी सर्दी झालेली नाही अशा माणसाचा. कोरडा, नको तिथं तुटणारा. तो पुन्हा खोकला, जरा मोठ्यानं. उठून ओसरीवर गेला. "चहा आहे का कुठं?" त्यानं रिकाम्या आवाराला विचारलं, आणि पायऱ्यांवर वाकून, पायांत असलेल्या चपला शोधू लागला.

ओराकूनं श्वास घेतला. हा शब्द तिनं तोंडात कधीच घेतला नव्हता. तिच्या आईनंही नाही. तो लोक पाटीवर लिहायचे, दोरी बांधताना ओरडायचे. घरात त्या गोष्टीला नावच नव्हतं.

"गुरुजी," ती त्या पांढऱ्या खुंटांशी हळूच म्हणाली, "आम्ही किरिश्तान आहोत. वाडीतले सगळे."